एका शब्दाआड पाच आजार

नौपाड्यात गोखले रोडवरून राम मारुती रोडकडे चालत जाताना डॉक्टरांच्या पाट्या वाचणे हा माझा जुना छंद आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉईड, मूळव्याध, भगंदर, केस गळणे, वंध्यत्व. म्हणजे भगंदरापर्यंत यायला आपल्याला संकोच वाटत नाही. पुरुषाच्या लैंगिक तक्रारींचा उल्लेख मात्र या पाट्यांवर सहसा सापडत नाही. तो सापडतो लोकलच्या डब्यात दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर, मुतारीच्या भिंतीवर आणि हमरस्त्याच्या कडेला जडीबुटीच्या बरण्या मांडून बसलेल्या तंबूच्या कापडावर.

गंमत अशी की कायदा याच्या नेमका उलट आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ साली झाला. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याच्या वा वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला त्याने मनाई केली. पण त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने नोंदणीकृत डॉक्टरला एक मोकळीक दिली: असे उपचार येथे होतात, अशी पाटी तो स्वतःच्या दवाखान्यावर लावू शकतो. ज्याला परवानगी आहे तो पाटी लावत नाही, आणि ज्याला मनाई आहे त्याचा कागद डब्याडब्यात. सत्तर वर्षे हे असेच चालले आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते दुपारच्या मोकळ्या वेळात आणि ग्रंथालयांत. या विषयाकडे मला वळवले ते काउंटरनेच. गुडघेदुखीचे औषध मागायला आलेला माणूस मोठ्याने बोलतो. या तक्रारीचा माणूस आधी खोकल्याच्या गोळ्या घेतो, बायका दुकानातून बाहेर पडेपर्यंत टूथपेस्ट न्याहाळतो, आणि मग म्हणतो, "काका, जरा अशक्तपणाचं काही आहे का?" अशक्तपणा, कमजोरी, थकवा, 'ते', 'टायमिंग'. या प्रत्येक शब्दामागे वेगळा आजार असू शकतो, आणि बोलणाऱ्याला तो कोणता ते सांगता येत नाही. ही अडचण मला आधी लाजेची वाटायची. वाचत गेलो तशी ती भाषेचीही आहे, असे दिसू लागले.

मराठीत या सगळ्यासाठी हाताशी असलेले शब्द पाहा: नपुंसक, नामर्द, षंढ. तिन्ही शिव्या आहेत. सभेत सरकारला षंढ म्हटले की टाळ्या पडतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला जे सोडायला सांगतो त्या अवस्थेला शब्द वापरतो 'क्लैब्य', आणि तोच शब्द आयुर्वेदात रोगाचे नाव आहे. रोगाचे नाव आणि भ्याडपणाचे नाव एकच असेल, तर कोणता पुरुष ते स्वतःहून उच्चारील? दुसरी गोष्ट त्याहून वाईट. 'नपुंसक' या एकाच शब्दाखाली आपण निदान पाच निरनिराळ्या तक्रारी कोंबल्या आहेत. इच्छाच न होणे. इच्छा होणे, पण लिंगाला ताठरता न येणे किंवा न टिकणे. ताठरता येणे, पण वीर्यस्खलन फार लवकर होणे. स्खलन फार उशिरा होणे किंवा न होणे. आणि हे सारे व्यवस्थित असूनही वीर्यात शुक्रजंतू नसणे. शेवटच्या तक्रारीचा संभोगक्षमतेशी संबंध नाही. अंगाने धडधाकट, संसारात समाधानी माणसाच्या वीर्यातही जंतू शून्य असू शकतात. पण 'मी काय नामर्द आहे?' एवढे म्हणून तो वीर्याची साधी तपासणी नाकारतो, आणि बायको मात्र नवससायास आणि पोटाच्या तपासण्या करत वर्षे काढते. या एका शब्दाची किंमत अशी दुसऱ्यानेच चुकवल्याची उदाहरणे काउंटरवरूनही दिसतात.

आपल्या जुन्या ग्रंथांत मात्र हे कोंबणे नव्हते. चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीज बिघडल्याने, अवयव बिघडल्याने, म्हातारपणाने आणि शुक्रक्षयाने. त्याने दिलेले सामान्य लक्षण तर आजच्या व्याख्येजवळ जाणारे आहे. मनात इच्छा आहे, स्त्री प्रिय आहे, तीही अनुकूल आहे, तरी लिंगशैथिल्यामुळे संभोग होत नाही. म्हणजे इच्छेचा प्रश्न आणि ताठरतेचा प्रश्न त्याने वेगळे केले. कारणांत आहाराबरोबर शोक, चिंता, भय हेही मोजले. सुश्रुत आणखी पुढे गेला. त्याने सहा प्रकार केले आणि त्यांत मानस क्लैब्य स्वतंत्र मांडले. मनाला न रुचणाऱ्या गोष्टींनी मन दुखावले असता, किंवा जिचा तिटकारा आहे अशा स्त्रीशी संबंध आल्याने ते होते, असे तो म्हणतो. जन्मजात आणि मर्मच्छेदाने आलेले प्रकार त्याने असाध्य ठरवले. काय बरे होईल आणि काय होणार नाही, हे रोग्याला आधीच सांगण्याची ही पद्धत आजच्या तंबूवाल्यांनी उचलली असती तर बरे झाले असते. वाजीकरणाची नावे घेऊन जी चूर्णे विकली जातात ती चरकाच्याच दुसऱ्या अध्यायाचा हवाला देतात. पण सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे हर्ष देणारी स्त्री, हे त्याच अध्यायातले विधान पुडीवर कधी छापलेले पाहिले नाही. अर्थात ते पुडीत भरता येत नाही.

मग मध्ये काय झाले? वीर्यनाशाचे भय. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हा हिशेब आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. हे भय एकट्या आपले नाही. लोझान शहरातल्या तिसो नावाच्या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या मध्यावर हस्तमैथुनाने होणाऱ्या रोगांवर पुस्तक लिहिले आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातली मुले त्या भीतीत वाढली. तिथे ती ओसरली. आपल्याकडे स्वप्नदोष, 'धात जाणे', लघवीवाटे धातू जाणे अशा नावांनी ती राहिली. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी या तक्रारीला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. थकवा, अंगदुखी, उदासी, आणि हे सारे वीर्य गेल्यामुळेच अशी खात्री. ही सहावी तक्रार. हिच्यात शरीराचे काही बिघडलेले नसते, पण माणूस खरोखर झिजतो, आणि लग्नाच्या पहिल्या रात्री 'आपल्यात आता काही उरले नसेल' या धास्तीनेच त्याचे अंग गळते.

या भीतीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईत मोठा बाजार उभा राहिला. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येत. १९३०च्या दशकात बर्लिनची 'ओकासा' आली. पुरुषांसाठी रुपेरी, स्त्रियांसाठी सोनेरी. हा बाजार अगदीच अडाणीपणातून आला नव्हता. ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परतल्याचे जाहीर केले होते. १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये व्होरोनॉफ माकडाच्या ग्रंथींचे तुकडे माणसात बसवत होता. व्हिएन्नाच्या स्टायनाखची शस्त्रक्रिया, जी मुळात वीर्यवाहिनी बांधण्याचीच होती, ती फ्रॉइड आणि कवी येट्स या दोघांनीही करून घेतली. विज्ञानच चाचपडत होते, तेव्हा गोळीवाल्याला एकट्याला दोष कसा देणार?

या गोंधळात मराठीत एक माणूस मात्र प्रश्न विचारू देत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक, वैद्यकाची पदवी नाही. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू झाले. ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. कर्व्यांची आठवण आपण संततिनियमनासाठी काढतो. मला त्यांचे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे पान अधिक महत्त्वाचे वाटते. वाचक लिहीत, कर्वे उत्तर देत. बहुधा त्रोटक, कधी तुसडे, पण उपदेशाविना. हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही, हे त्यांनी त्या काळात छापून सांगितले. मी त्या पानाला मराठीतली पहिली लैंगिक ओपीडी म्हणतो. रोग्याने आपल्या शब्दांत तक्रार सांगायची आणि समोरच्याने न दचकता ऐकायची, ही निदानाची पहिली पायरी तिथे घडत होती.

याच पानासाठी त्यांच्यावर खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना कोर्टात उभे राहावे लागले. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल तर वाचक त्याविषयीच प्रश्न विचारणार, आणि त्याला उत्तर देणे अश्लील कसे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कोर्टाला तो पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अलीकडे अतुल पेठे यांनी बसवलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा इतिहास ठाऊक असेल. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की दंड झाला तो गोळ्या विकणाऱ्याला नव्हे, प्रश्नाला उत्तर देणाऱ्याला.

मुंबईतच डॉ. ए. पी. पिल्ले १९३४ पासून 'मॅरेज हायजिन' आणि पुढे १९४७ पासून लैंगिकविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक चालवत होते. पण ते इंग्रजीत, जगभरच्या डॉक्टरांसाठी. इस्पितळात या विषयाला खोली मिळायला बराच काळ गेला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, आणि मराठी घरांत डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' पोहोचले. आमच्या पिढीत हे पुस्तक लग्नात उघड आहेर म्हणून दिले जात नसे, पण मित्राकडून वर्तमानपत्राच्या वेष्टनात मिळत असे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आजचा जाणता डॉक्टर या तक्रारीचे निदान कसे करतो? यंत्रे पुढे येतात, पण आधी चार-पाच प्रश्न असतात, आणि ते ऐकून माझ्यासारखा सामान्य माणूस थक्क होतो, कारण ते इतके साधे आहेत. हे एकदम सुरू झाले की हळूहळू? सकाळी जाग येताना ताठरता असते का? एकट्याने असताना येते का? कोणते औषध चालू आहे? साखर तपासली आहे का?

सकाळच्या प्रश्नामागे शरीराचे एक नवल आहे. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्ने पडण्याच्या काळात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्याला तिचा पत्ता नसतो. पहाटेची ही त्यांतलीच शेवटची. आता, जो माणूस बायकोजवळ गेल्यावर गळतो, पण पहाटे ज्याचे सर्व ठीक असते, त्याच्या रक्तवाहिन्या आणि नसा बहुतांशी शाबूत आहेत. अडथळा वर, डोक्यात आहे. उलट वर्ष-दोन वर्षांत हळूहळू कमी होत जाऊन जिची पहाटेची खूणही पुसली गेली, ती तक्रार बहुधा शरीराची असते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याची तपासणी चक्क पोस्टाच्या तिकिटांनी केली. तिकिटांची पट्टी झोपताना लिंगाभोवती गुंडाळून चिकटवायची आणि सकाळी छिद्रांच्या रेषेवर ती फाटली आहे का ते पाहायचे. पुढे यासाठी यंत्रे निघाली. पण लाखाचे यंत्र जे सांगते ते पुष्कळदा एका प्रश्नाने कळते, फक्त तो विचारायला आणि ऐकायला कोणीतरी हवे.

ताठरता ही मुळात पाण्याच्या टाकीसारखी व्यवस्था आहे. लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांच्या भिंतींतले स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त बेताने येते. उत्तेजना झाली की नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यातून एक रसायन तयार होते आणि स्नायू सैल पडतात. म्हणजे ताठरता येते ती स्नायू सैल झाल्याने, जोर लावल्याने नव्हे! रक्त आत भरते, फुगलेल्या स्पंजाने बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त कोंडून राहते. भीती, घाई, 'या वेळी तरी जमेल ना' ही चिंता, यांनी शरीरात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्ये सुटतात आणि ती स्नायू पुन्हा आवळतात. एकदा फसले की दुसऱ्या वेळी माणूस स्वतःचाच परीक्षक होऊन बसतो, आणि परीक्षकासमोर ही गोष्ट होत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये यावर जो उपाय मांडला तो उलटा वाटेल असा आहे. नवरा-बायको दोघांनाही बोलवायचे आणि काही दिवस संभोगच बंद. फक्त स्पर्श. परीक्षा रद्द झाली की विद्यार्थी पास होतो. या उपचाराच्या पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कडी लागणारे दार. नौपाड्यातल्या जुन्या चाळींत आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, पडद्यापलीकडे म्हातारे आईवडील खोकत असताना ज्यांचे संसार झाले, त्यांच्यापैकी किती जणांना रोग होता आणि किती जणांना केवळ खोली नव्हती?

शरीराच्या बाजूचा इलाज पहिल्यांदा हाती आला तो १९८०च्या दशकात. फ्रान्समध्ये विराग यांनी १९८२ मध्ये दाखवले की पापाव्हरिन हे औषध लिंगात टोचले की ताठरता येते. पुढच्या वर्षी लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रिंडली खोलीवर स्वतःला इंजेक्शन टोचून व्यासपीठावर आले, आणि भाषणाच्या ओघात विजार खाली करून त्यांनी पुरावाच समोर ठेवला. सभेत बायकाही होत्या. असभ्य म्हणा हवे तर, पण ताठरता हा निव्वळ मनाचा खेळ आहे या समजाला त्या दिवशी जोराचा धक्का बसला. मग छातीदुखीवरचे म्हणून तपासले जात असलेले सिल्डेनाफिल आले. त्याचा भलताच परिणाम चाचण्यांत लक्षात आला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला नोबेलही त्याच वर्षी मिळाले. पुढच्या काही वर्षांत आपल्या कंपन्यांनी ते स्वस्तात आणले. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. वर सांगितलेले रसायन लवकर विरघळू देत नाही, एवढेच. मन आणि स्पर्श नसेल तर ती घेऊन माणूस निवांत टीव्ही पाहू शकतो.

शीघ्रपतनाची गोष्ट वेगळी. तिथे 'टायमिंग' या शब्दाने धुमाकूळ घातला आहे. २००५ मध्ये पाच देशांतल्या सुमारे पाचशे जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजला, तेव्हा मधला आकडा सुमारे साडेपाच मिनिटे निघाला. तासभराच्या बाता मारणाऱ्या चित्रफिती पाहून आलेला तरुण चार मिनिटांना आजार समजतो आणि फवारे, गोळ्या मागतो. लग्नापासून सदैव एका मिनिटाच्या आत आटोपणारा माणूस खरा रुग्ण. त्याला सीमन्स यांनी १९५६ मध्ये सांगितलेल्या थांबत थांबत पुढे जाण्याच्या सरावाने, आणि लागलीच तर औषधाने, उतार पडतो. याहून अधिक या विषयावर लिहिण्यासारखे नाही; बाकीचा बाजार आहे.

ताठरतेच्या तक्रारीबद्दल मात्र थांबून लिहायला हवे, कारण तिथे जिवाचा प्रश्न येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये छापले गेले. त्यांत ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांत ती पूर्णपणे असण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे हा मर्दानगीचा प्रश्न नाही, नळ्यांचा आहे. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन ते चार. धमन्यांच्या अस्तराचा रोग सगळीकडे एकदमच सुरू होतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून पुष्कळ पुरुषांत हृदयाचे दुखणे दिसण्याआधी दोन-तीन वर्षे ही तक्रार सुरू झालेली असते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तंबाखू खाणारा माणूस 'अशक्तपणाचं काही' मागायला येतो तेव्हा तो खरे तर हृदयाची पूर्वसूचना घेऊन आलेला असू शकतो. रस्त्यावरच्या तंबूत त्याची नाडी पाहतात. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब कोणी पाहत नाही. दोन-तीन वर्षांचा तो मोलाचा अवधी भस्मात आणि तेलात जातो.

दुसरा धोका याहून जवळचा. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे निरनिराळ्या देशांच्या औषध प्रशासनांना वारंवार आढळले आहे. म्हणून तर त्या 'लागू' पडतात. आता हृदयरोग्याकडे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. ही आणि सिल्डेनाफिल दोन्ही एकाच वाटेने रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकदम पोटात गेल्या तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस उठतच नाही. एकदा आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सॉर्बिट्रेट घ्यायला आले. पैसे देताना खिशातून पाकिटाबरोबर एक चकचकीत पुडी बाहेर आली, हमरस्त्यावरून घेतलेली. मी विचारले, ते ओशाळले. "अहो, जडीबुटी आहे, हिला काही होत नाही." काही होत नसते तर दहा दिवसांनी ती परत घेतली नसती, एवढे मी त्यांना म्हणालो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना कधी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते. दोघेही सभ्य. पुडी त्यांनी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढच्या तपासणीत स्वतः विषय काढला. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी बदलली, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते.

हे 'काही गोळ्यांनीही' महत्त्वाचे आहे. बीटा-ब्लॉकर जातीच्या काही गोळ्या, लघवी जास्त व्हायची काही औषधे, नैराश्यावरची पुष्कळशी औषधे, केस गळू नयेत म्हणून घेतली जाणारी गोळी. माणूस आपण संपलो असे समजतो, आणि कारण त्याच्या खोक्यातच असते. मात्र स्वतःच्या मनाने गोळी थांबवणे हे त्याहून वाईट; ते डॉक्टरनेच करायचे. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी करायची असते आणि कमी आले तर पुन्हा करून पाहायची असते. न तपासता 'हार्मोनचं इंजेक्शन' घेणाऱ्याचे शुक्रजंतूच कमी होतात, हे मूल हवे असलेल्या जोडप्यांना कोणी सांगत नाही.

आणि चालणे. नेपल्समधल्या एका अभ्यासात ११० लठ्ठ, ताठरतेची तक्रार असलेले, पण मधुमेह वगैरे नसलेले पुरुष घेतले. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचे बारकाईने मार्गदर्शन केले, निम्म्यांना जुजबी सल्ला दिला. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जणांची तक्रार गेली होती, दुसऱ्या गटात तिघांची. गोळी न घेता. वाटेल त्या चूर्णाची जाहिरात करणाऱ्यांना असा आकडा मिळाला असता, तर सबंध मध्य रेल्वे रंगवून निघाली असती.

गेल्या काही वर्षांत काउंटरवर बायकाही बोलू लागल्या आहेत, ही मला दिसलेली सगळ्यात मोठी सुधारणा. "ह्यांना आजकाल बरं नसतं" असे त्या म्हणतात, आणि आवाज दबलेला असला तरी नजर सरळ असते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी नवरा-बायकोला एकत्र बोलवायचे म्हटले ते तात्त्विक वाटत होते. इथे ते आपोआप घडताना दिसते.

परवा एक पस्तिशीचा तरुण आला. लग्नाला आठ महिने झालेले. कुठल्याशा तंबूत त्याने चांगलीच रक्कम घालवली होती आणि आता तो चिठ्ठीशिवाय गोळी मागत होता. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, असे मी त्याला सांगितले आणि बिलाच्या मागच्या बाजूला कुठल्या विभागात जायचे ते लिहून दिले. त्याने कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मग विचारले, "काका, पण तिथं गेल्यावर सांगू काय?"

"सकाळी असतं ना?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "हो."

"मग तेच सांगायचं. सकाळी असतं, रात्री राहत नाही. लग्नापासून. साखर तपासलेली नाही. बास."

त्याने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिले, आणि साडेसहाची लोकल मिळते का बघतो म्हणून स्टेशनकडे निघून गेला.